शाल नंतर, आधी वही: मंडळीतल्या फौजींचा मान कसा राखावा

ऑक्टोबर सरत आला की मला फोन सुरू होतात. "बाई, सलाम. यंदा आमच्या मंडळीत फौजी लोकांचा सत्कार ठेवायचाय. कार्यक्रम कसा बसवायचा?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, एका हवालदाराची मुलगी आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, स्त्री समाजाची चिटणीस. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच येतं. इथं रणगाडा दलाचं केंद्र आहे, आजूबाजूच्या गावांत पेन्शनर फौजी आहेत, आणि आमच्या मंडळीच्या बाकांवर रविवारी सात-आठ जण तरी असतात. फोनवर जे तुकड्यातुकड्यानं सांगते, ते एकदा सलग लिहून काढते आहे.

आधी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सत्काराचं सांगते. २००८ साली एका मंडळीनं आमच्या आप्पांना बोलावलं. बोलावणाऱ्यांच्या मनात मायाच होती. पण निवेदकानं माइकवर नाव पुकारलं ते ‘१९७१ च्या युद्धातले शूरवीर’ असं. आप्पा महार रेजिमेंटमध्ये भरती झाले १९७५ साली. ते लढले श्रीलंकेत, शांतिसेनेतून, १९८७ ते १९८९. त्या मोहिमेत आपले अकराशेहून जास्त जवान गेले, आणि गावात विचारलं तर कुणाला त्याचं धड काही सांगता येत नाही. आप्पा मान खाली घालून पुढं गेले. शाल खांद्यावर पडली, आणि त्याच वेळी दाराबाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली. मी पहिल्या बाकावर होते. आप्पांचे खांदे एकदम कानांपर्यंत वर गेले, दोन्ही हात पोटाशी आले, जसं काही हातात धरलेलं आहे. शाल खाली पडली. लोक टाळ्या वाजवत राहिले. घरी आल्यावर त्यांनी ती शाल घडी करून काळ्या ट्रंकेत ठेवली, जिच्यावर पांढऱ्या रंगानं त्यांचा नंबर, नाव आणि पलटण लिहिली आहे. ती पुन्हा कधी बाहेर निघाली नाही.

म्हणून कार्यक्रमाचं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, शाल नंतर आणा, आधी एक दोनशे पानी वही आणा.

वहीत काय लिहायचं

एका माणसाला एक पान. नाव, डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळतं त्या पुस्तकात) आहे तसंच. हुद्दा, पलटण, भरतीचं साल, सुटल्याचं साल, कुठं कुठं होते. बायकोचं नाव. आई-वडील हयात असतील तर त्यांची नावं. हुद्दा नीट विचारून घ्या. नाईकाला सुभेदार म्हटलं की त्याला मोठेपणा वाटत नाही, अवघड वाटतं, आणि मानद कॅप्टन होऊन निवृत्त झालेल्याला नुसतं ‘हे मिलिटरीत होते’ म्हणणं त्याहून वाईट.

ही माहिती फोनवर गोळा करू नका, घरी जा. दोघांनी जा, त्यातला एक तरुण संघातला असू द्या. पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न साधे असतात: पलटण कोणती? ट्रेनिंग कुठं झालं? पहिली पोस्टिंग? तुमचा बडी कोण होता? लंगरचं, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातलं, जेवण कसं असायचं? बडीचं नाव निघालं की माणूस मोकळा होतो. बडी म्हणजे जोडीदार, एकाच्या पाठीला दुसरा. ‘तुम्ही किती जण मारले?’ हा प्रश्न पोरंसोरं विचारतात, त्यांना आधीच घरी समजावून न्या. माणूस गप्प झाला तर गप्प बसा, चहा प्या आणि पुन्हा या म्हणतील तेव्हा जा.

वहीतून कोण सुटतं ते मी अनुभवानं सांगते. स्वयंपाकी, ड्रायव्हर, क्लार्क, स्टोअरवाला सुटतो, कारण तो स्वतःच म्हणतो, "मी कुठं लढलो?" बायबलातला पहिला शमुवेल ३० उघडा. बसोर ओढ्याशी दोनशे माणसं थकून मागं राहिली, सामानापाशी बसली. चारशे जण पुढं जाऊन जिंकून आले, तेव्हा त्यातले काही म्हणाले, मागं बसलेल्यांना लुटीतला वाटा नको. दाविदानं ऐकलं नाही. लढाईला गेलेल्याला आणि सामान राखणाऱ्याला सारखाच वाटा, असा त्यानं नियम घालून दिला. आमच्या मंडळीत एका लंगरच्या आचाऱ्याला हा उतारा वाचून दाखवला तेव्हा कुठं त्यांनी आपलं नाव लिहू दिलं. मिलिटरी नर्सिंगमध्ये गेलेल्या मुलीही सुटतात. त्या अधिकारी असतात, आणि मंडळीत त्यांची ओळख ‘अमक्यांची सून’ एवढीच राहते. आणि सुटतात त्या विधवा. नवरा गेला की फौजींच्या यादीतून बाईचं नाव गळतं, जसं काही घरातली फौज त्याच्याबरोबर पुरली. पंधरा-वीस वर्षं एकटीनं घर, सासू, शेत, पोरांची आजारपणं जिनं काढली तिचं पान वेगळं लिहा.

दिवस कोणता

सरकारी दिवस दोन आहेत. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन, कारण १९५३ साली त्या तारखेला पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा सेनेतून निवृत्त झाले. ७ डिसेंबर हा ध्वजदिन, १९४९ पासूनचा. त्या निधीतून माजी सैनिकांच्या आणि वीरनारींच्या (गेलेल्या जवानांच्या विधवांच्या) कल्याणाची कामं होतात, तेव्हा मंडळीच्या दानार्पणातला एक भाग तिकडं जरूर द्या. पण १४ जानेवारीला संक्रांतीची गडबड आणि ७ डिसेंबरला नाताळच्या आधीचा आगमनकाळ लागलेला.

मी सुचवते तो नोव्हेंबरचा दुसरा रविवार. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं, पुढच्या वर्षापासून त्या दिवशी दोन मिनिटं शांत उभं राहण्याची रीत पडली, आणि पुष्कळ मंडळ्यांत त्याच्या जवळचा रविवार स्मरणाचा म्हणून पाळतात. आपल्याकडे २ नोव्हेंबरच्या सुमाराला कबरस्तानात साफसफाई, चुना, मेणबत्त्या चाललेल्याच असतात. तेव्हा फौजींच्या कबरी त्याच आठवड्यात स्वच्छ करा. दगडावर नुसतं नाव असेल तर घरच्यांना विचारून हुद्दा आणि पलटण कोरून घ्या. खर्च फार येत नाही, पत्रिका छापण्यापेक्षा कमीच.

एक मात्र सांभाळा. गेलेल्यांचं स्मरण आणि जिवंत माणसाचा सत्कार एका दमात करू नका. ज्याचा बडी परत आला नाही, त्याला त्याच मिनिटाला हार घालून हसायला लावू नये. उपासनेत स्मरण, आणि सत्कार काही करायचा असेल तर उपासनेनंतर, अंगणात, चहाबरोबर.

उपासना

आता बोधाबद्दल, म्हणजे उपासनेतल्या प्रवचनाबद्दल, कारण पाळकसाहेबांचे फोनही येतात. फौजींचा रविवार म्हटलं की योहान १५:१३ ठरलेलं असतं, मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही. वाचा, जरूर वाचा. पण ते वचन प्रभूनं वधस्तंभाच्या आदल्या रात्री, भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांना सांगितलं आहे. जवानानं दिलेला जीव अनमोल आहे, तरी तारण त्यानं होत नाही. ते एकाच बलिदानानं झालं. शोकात असलेल्या घराला खोटं सांत्वन देऊ नये म्हणून मी हे आवर्जून सांगते. ‘शहीद’ आणि ‘हुतात्मा’ हे शब्दही आमच्या पाळकसाहेबांनी उपासनेपुरते बाजूला ठेवले. स्तेफनासारख्या, विश्वासासाठी मरणाऱ्यांना मंडळी तो शब्द वापरते. ‘कर्तव्यावर असताना प्राण दिले’ म्हटल्यानं मान कणभर कमी होत नाही.

शास्त्रात शिपायांना जागा आहे आणि ती मोठी सरळ आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, आम्ही काय करावं म्हणाले. त्यानं त्यांना नोकरी सोडा म्हटलं नाही, कुणाला नाडू नका, आपल्या पगारात तृप्त राहा म्हटलं (लूक ३:१४). कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, आपल्या चाकरासाठी विनवायला आला, आणि प्रभूला त्याच्या विश्वासाचं आश्चर्य वाटलं. कर्नेल्य नावाच्या शताधिपतीच्या घरी प्रभूचा शिष्य पेत्र गेला, आणि परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, दार उघडलं ते एका शिपायाच्या घरात. दुसऱ्या बाजूला, मंदिर बांधायची दाविदाला फार इच्छा, आणि तू फार रक्त सांडलंस म्हणून देवानं ते काम त्याच्या मुलाला दिलं (पहिला इतिहास २२:८). दोन्ही बाजू सांगा. फौजींना दोन्ही माहीत असतात.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो दुसरा शमुवेल २३. दाविदाला तहान लागली, बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचं पाणी कुणी आणील का, असं तो बोलून गेला. तिघे वीर शत्रूची फळी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. आणि तो ते प्यायला नाही. त्यानं ते परमेश्वरापुढं ओतलं. हे पाणी नव्हे, जिवावर उदार झालेल्या माणसांचं रक्त आहे, ते मी कसं पिऊ, म्हणाला. दुसऱ्याच्या जिवावर आलेल्या गोष्टीला हात लावताना थरकाप झाला पाहिजे, हे मला त्यातून दिसतं. गेल्या तीन वर्षांत आम्ही बोध झाल्यावर एक तांब्या पाणी घेतो, आणि मंडळीतला सगळ्यात लहान मूल असलेला बाप ते दाराबाहेरच्या लिंबाच्या बुंध्याशी सावकाश ओततो. कुणी काही बोलत नाही. पहिल्या वर्षी एक सुभेदार उठून आपणहून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

नावं वाचताना घाई नको. प्रत्येक नावानंतर घंटेचा एक टोला. मोबाईलवरचा बिगुल लावू नका. मध्येच जाहिरात वाजली की सगळं गेलं. दोन मिनिटं म्हणजे घड्याळाची दोन मिनिटं, पंचेचाळीस सेकंदांत ‘धन्यवाद, बसा’ म्हणू नका. ज्यांना उभं राहवत नाही त्यांना आधीच सांगून ठेवा की बसून चालेल.

तिरंगा ठेवायचा तर बोलणाऱ्याच्या उजव्या हाताला, काठीवर, नीट ताठ. मेजावर अंथरू नका, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) मेजावर तर नाहीच. ध्वजसंहितेलाही ते चालत नाही आणि मेजाच्या मालकालाही. पदकं माणसानं स्वतःच्या डाव्या छातीवर लावायची. गेलेल्या नवऱ्याची किंवा बापाची लावायची असतील तर उजव्या बाजूला. पदकांचा क्रम तुम्ही बदलू नका, फीत इस्त्री करू नका, ब्रासोनं घासायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

गावातल्या हिंदू, बौद्ध, मुसलमान फौजींनाही बोलवा. पलटणीत सर्वधर्म स्थळ असतं, ते सगळे तिथं शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यांना यात नवल वाटत नाही. लंकेला निघायच्या आदल्या रात्री आप्पांच्या बडीनं, तो सोलापूरकडचा, पंढरीची वारी करणारा, आप्पांना सांगितलं होतं, "तुझं ते मेंढपाळाचं म्हण." आप्पांनी स्तोत्र २३ म्हटलं, त्यानं विठ्ठलाचं नाव घेतलं. अशा पाहुण्याला पत्रकं देऊ नका, त्या दिवशी त्याला काही पटवायला जाऊ नका. तो मान घ्यायला आलाय, त्याला मान द्या.

मध्यस्थीच्या प्रार्थनेचा नमुना पुष्कळ जण मागतात. आमच्याकडे मी लिहिलेली ही म्हणतात, हवी तर घ्या:

"हे प्रभू, आमच्यातल्या ज्यांनी गणवेश घातला त्यांना तू नावानं ओळखतोस. बर्फातल्या, वाळवंटातल्या, परक्या रानातल्या त्यांच्या रात्री तू मोजल्या आहेस. जे परत आले त्यांच्यासाठी आम्ही तुझे उपकार मानतो. जे आले नाहीत त्यांच्या आईबापांपाशी, बायकोपाशी तू बैस. त्यांनी जे पाहिलं आणि जे करावं लागलं, त्यातलं जे त्यांना कुणापाशी बोलता येत नाही ते तू ऐक. ज्यांच्याशी ते लढले त्यांच्याही आया रडल्या, त्यांना विसरू नकोस. तलवारींचे फाळ होतील तो दिवस लवकर आण. आमेन."

जे बोलता येत नाही

आप्पा लंकेहून आल्यावर उपासनेला यायचे, पण प्रभुभोजनाच्या रविवारी मेजाशी जायची वेळ झाली की मागच्या दारानं बाहेर पडायचे. बिडी ओढायला जातात असं लोक म्हणायचे. आप्पा बिडी ओढत नव्हते. अशी कितीतरी वर्षं गेली. मग एक नवीन पाळकसाहेब आले. ते आठवड्यातून एकदा संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. भुईमुगाच्या शेंगा निघायचे दिवस होते, दोघं शेंगा फोडत बसायचे, मधे टोपलं. मी आतून बघायचे, अर्धा तास कुणीच बोललेलं नसायचं. दिवाळीच्या पुढं कधीतरी आप्पा बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढंच पाहिलं की दोघांनी गुडघे टेकले होते आणि पाळकसाहेबांचा हात आप्पांच्या मानेवर होता. नाताळच्या प्रभुभोजनाला आप्पा रांगेत उभे राहिले. भाकर घेताना हात इतका कापत होता की आईनं खालून धरला.

पाळकांना माझी विनंती आहे ती एवढीच, असा वेळ काढा. प्रार्थनेनं सगळं होतं म्हणून डॉक्टर टाळू नका. झोप येत नाही, एकदम अंगावर येतात, दारू वाढली, जगून काय करायचं असं बोलतात, यातलं काही दिसलं तर ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात सोबत जा. टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीतून बोलता येतं. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि फटाके, कुठल्याही निमित्तानं, चर्चच्या आवारात वाजवू नका.

कागद

आता जे फक्त मंडळीच करू शकते ते.

आप्पा २०२१ मध्ये गेले. आईचं कौटुंबिक निवृत्तिवेतन सुरू व्हायला सात महिने लागले. कारण असं की आईचं नाव एका कागदावर बाप्तिस्म्याचं, दुसऱ्यावर तेच नाव पुढं ‘बाई’ लावून, आणि आधारवर माहेरचं घरगुती नाव. जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. आपल्या समाजात हे घरोघर आहे. ज्या खिडकीवर गेलो तिथं एकच उत्तर, ही तीच बाई कशावरून? आई दर वेळी घरी येऊन विचारायची, "मी तीच नाही का गं?"

शेवटी उपयोगी पडलं ते चर्चचं जुनं लग्नाचं रजिस्टर. आपली लग्नं १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं लागतात, पाळक ती रजिस्टरात नोंदवतात, सह्या होतात. त्या पानाचा अधिकृत उतारा, बाप्तिस्म्याचा दाखला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका भल्या माणसानं भरून दिलेला अर्ज, एवढ्यावर काम झालं. रजिस्टरचं पान वाळवीनं कडेला खाल्लं होतं. अजून दोन बोटं आत खाल्लं असतं तर आईचं नाव गेलं असतं.

तेव्हा वही झाली की, फौजी हयात असतानाच, प्रत्येक घरी बसून हे ताडून बघा: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि बँकेचं पासबुक यांत बायकोचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का? जन्मतारीख? खातं दोघांच्या नावावर आहे का? लग्नाची नोंद फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसपर्यंत पोचून पार्ट टू ऑर्डर (त्या नोंदीचा लष्करी आदेश) निघाली होती का? ईसीएचएस कार्ड चालू आहे का? चूक दिसली तर दुरुस्ती आताच टाका, तो स्वतः सही करू शकतो तोवर. कागदांचे नंबर वहीत उतरवू नका, ते घरातच राहू द्या. बायकोला आणि एका मुलाला फाइल कुठं आहे ते माहीत पाहिजे, एवढं बघा. आणि पाळकसाहेब, रजिस्टरं लोखंडी कपाटात ठेवा, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. दाखल्याला पैसे घेत असाल तर फौजीच्या विधवेकडून घेऊ नका.

हयातीचा दाखला हे तरुण संघाचं काम. स्पर्शवर (फौजी पेन्शनच्या संकेतस्थळावर) ज्याची त्याची तारीख दिसते, ती वहीत लिहून ठेवा आणि त्याच्या आधी घरी जा. पूर्वी म्हाताऱ्या माणसांना बँकेत ताटकळावं लागायचं, अंगठे उठायचे नाहीत. आता जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतं.

आमच्याकडे एक अकरावीतला मुलगा येतो. आई सकाळपासून तयार असते. सरकारला तोंड दाखवायचं म्हणून धुतलेलं पातळ, केस चापून बसवलेले, आणि उजव्या बाजूला आप्पांची पदकं. ती मोबाईलमध्ये दिसत नाहीत हे तो तिला सांगत नाही. ओट्यावर, उजेडाकडे तोंड करून तिला बसवतो आणि म्हणतो, "आजी, आता डोळ्यांची उघडझाप करा." ती करते. हिरवी खूण आली की ती विचारते, "झाले का मी तीच?" तो म्हणतो, "हो आजी." मग ती त्याच्यासाठी चहा टाकायला आत जाते.